गावच्या शाळेची पारख कशी करावी?

पाठाचा उद्देश : आपल्या वस्तीजवळची प्राथमिक शाळा चांगली की वाईट हे केवळ परीक्षेच्या गुणांवरून न ठरविता कोणकोणत्या खुणांवरून ठरवावे, हे समजून घेणे.

१. प्रश्न कोणता आहे?

दरवर्षी जून महिना जवळ आला म्हणजे खेडोपाडी घरोघर एकच बोलणे सुरू होते : मुलास कोणत्या शाळेत घालावे? एकीकडे गावची जिल्हा परिषदेची शाळा असते. तेथे फी नाही, पुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. दुसरीकडे तालुक्याच्या रस्त्यावर एखादी खाजगी शाळा निघालेली असते. तिच्या फाटकावर मोठा रंगीत फलक असतो. अमुक मुलास शेकडा पंचाण्णव गुण, तमुक मुले शिष्यवृत्तीस पात्र, असे त्यावर छापलेले असते, आणि सकाळी तिची पिवळी गाडी मुलांस नेण्यास वस्तीपर्यंत येते. बाप फलक पाहतो, आई गाडी पाहते, आणि शेळी विकून किंवा मुकादमाकडून उचल घेऊन फी भरली जाते.

मुलासाठी आईबापांनी पोटास चिमटा घ्यावा यात वाईट काहीच नाही. परंतु बाजारात बैल घेतेवेळी आपण त्याचे दात पाहतो, खांदा चाचपतो, त्यास चालवून पाहतो. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. ज्या शाळेच्या हाती आपण मुलाची चार-पाच कोवळी वर्षे देणार, तिची पारख मात्र फलकावरील एका आकड्यावरून करतो, हे शहाणपणाचे नव्हे.

शिवाय हा निर्णय एका घरापुरता राहत नाही. ज्यांस परवडते त्यांची मुले निघून गेली म्हणजे गावच्या शाळेचा पट उतरतो. पट उतरला म्हणजे शिक्षक कमी होतो. शिक्षक कमी झाला म्हणजे राहिलेली मुलेही जाऊ लागतात. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची कल्पना २०२३ साली शिक्षण खात्याने पुढे आणली, तेव्हा अनेक लहान गावांस आपली शाळा राहते की जाते अशी चिंता पडली. अशा वेळी शेवटी मागे कोण राहते? ज्याच्या बापाजवळ विकावयास शेळीही नव्हती त्याचे मूल. म्हणून शाळेची पारख नीट करता येणे ही प्रत्येक पालकाची, आणि त्याहूनही अधिक गावातील प्रत्येक साक्षर सभासदाची व उपदेशकाची जबाबदारी आहे.

२. गुण काय सांगतात आणि काय सांगत नाहीत?

गुणांचा तिरस्कार करू नये. ज्या शाळेत मुलांस काहीच येत नाही ती शाळा कितीही हसरी व स्वच्छ असली तरी चांगली म्हणता येणार नाही. परंतु गुण म्हणजे काय, हे आधी ओळखले पाहिजे.

एका शेतकऱ्याची काळी, पाण्याखालची जमीन आहे, आणि दुसऱ्याची माळावरची मुरमाड, जिराईत. पहिल्याने एकरी वीस क्विंटल धान्य काढले व दुसऱ्याने आठ, तर पहिला अधिक कष्टाळू असे आपण लगेच म्हणत नाही. जमीन कशी होती, पाणी किती होते, हे आधी विचारतो. शाळेच्या बाबतीत हा प्रश्न विचारावयाचे आपण विसरतो. ज्या मुलाची आई शिकलेली आहे, घरी पुस्तक व दिवा आहे, शिकवणी आहे, पोटभर जेवण आहे, ते मूल कोणत्याही शाळेत बरे गुण मिळविते. ज्या शाळेत अशी मुले निवडून घेतली जातात तिचा निकाल चांगला लागतो. त्यात शाळेचे श्रम किती व घरचे किती, हे त्या आकड्यात दिसत नाही.

हे अनुमान पडताळून पाहिले गेले आहे. आंध्र प्रदेशातील १८० खेड्यांत २००८ साली एक प्रयोग सुरू झाला. सरकारी शाळेतील मुलांच्या ज्या पालकांनी खाजगी शाळेची फी मिळावी म्हणून अर्ज केले त्यांच्या चिठ्ठ्या टाकण्यात आल्या, आणि ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांच्या मुलांस फी मिळून ती खाजगी शाळेत गेली. कार्तिक मुरलीधरन व व्यंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी चार वर्षांनंतर दोन्ही प्रकारच्या मुलांची तुलना केली. चिठ्ठीने निवड झाल्यामुळे घरच्या परिस्थितीचा फरक निघून गेला होता. तेव्हा तेलुगू व गणित या विषयांत दोहोंत म्हणण्यासारखे अंतर आढळले नाही. हिंदी मात्र खाजगी शाळांत गेलेल्या मुलांस अधिक येत होती, कारण तेथे त्या भाषेस वेळ दिला जात असे. त्या शाळांचा दर मुलामागील खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. म्हणजे खाजगी शाळा निकामी आहेत असा याचा अर्थ नाही. फलकावर जे अंतर दिसते त्यातील बराच भाग मुलाने घरून आणलेला असतो, एवढाच याचा बोध आहे.

दुसरी गोष्ट मापाची. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली, आणि मुलाच्या प्रगतिपुस्तकावर अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी येऊ लागल्या. या श्रेणी मुलाचा स्वतःचा शिक्षकच देतो. मुलाची स्वतःची प्रगती जाणण्यास त्यांचा उपयोग आहे. परंतु एका शाळेची अ-१ आणि दुसऱ्या शाळेची अ-१ यांची तुलना करणे म्हणजे दोन दुकानांच्या दोन तागड्यांवर केलेले वजन एकच मानणे होय.

३. इतिहासाचा दाखला

शाळेचे मोल केवळ परीक्षेच्या आकड्यावर ठरविले म्हणजे काय होते, हे जगाने पूर्वी एकदा पाहिले आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो याच्या पुढाकाराने असा नियम झाला की, सरकारी अनुदान मुलांच्या परीक्षेवर अवलंबून राहावे. सरासरी हजेरीबद्दल दर मुलामागे ४ शिलिंग मिळत. शिवाय नियमित येणाऱ्या मुलाने तपासनिसापुढे वाचन, लेखन व अंकगणित या तिन्हींत परीक्षा दिली म्हणजे ८ शिलिंग मिळत, आणि ज्या विषयात ते नापास होई त्या प्रत्येक विषयासाठी २ शिलिंग ८ पेन्स कापले जात.

परिणाम थोड्याच वर्षांत दिसू लागला. ज्या विषयास पैसे नाहीत तो विषय मागे पडला. इतिहास व भूगोल आटले. वाचनाचे पुस्तक मुलांकडून इतके घोकून घेतले जाई की, ते उलटे धरले तरी त्यांचे तोंड चालू राही. तपासनीस संतुष्ट होई व शाळेस अनुदान मिळे. पण मुलापुढे दुसरे पुस्तक ठेवले तर ते मुके होई. कवी मॅथ्यू आर्नल्ड हा स्वतः शाळांचा तपासनीस होता. हे शिक्षण यांत्रिक झाले आहे अशी तक्रार त्याने आपल्या अहवालांत केली. १८९० नंतरच्या दशकात ती पद्धत क्रमाक्रमाने मोडीत काढण्यात आली.

निकालावर अनुदान देण्याची ही रीत मुंबई इलाख्यातही आली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणारा तो पुरुष गरिबांच्या शिक्षणाचे मर्म जाणून होता. त्यांनी स्पष्ट सांगितले की, गरीब व अशिक्षित लोकांत शिक्षणाचा प्रसार करण्यास ही निकालपद्धत योग्य नाही, कारण त्यांच्यात अजून शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही, आणि अशा लोकांत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणा शिक्षकाचे पोट भरणार नाही. खेड्यातील शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून यावे, शेतकामाची त्यांस लाज वाटू नये, आणि गोरगरिबांत त्यांनी सहज मिसळावे, असेही त्यांचे मागणे होते. चांगली शाळा कशी असते याविषयी त्यांच्या मनातील चित्र या मागण्यांत दिसते. ज्यास शिकणे सर्वांत जड जाते त्याच्यापर्यंत जी पोचते ती चांगली शाळा. पुढील सर्व खुणा याच कसोटीतून निघतात.

४. शाळेत जाऊन कोणत्या खुणा पाहाव्या?

पहिली खूण : शिक्षक हजर असतो काय, आणि शिकवीत असतो काय? या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २००३ साली अनेक राज्यांतील सरकारी प्राथमिक शाळांस पूर्वसूचनेवाचून भेटी देऊन पाहणी करण्यात आली. देशभर चारांपैकी एक शिक्षक गैरहजर आढळला. महाराष्ट्राचे प्रमाण शेकडा १४.६, म्हणजे पाहणीतील राज्यांत सर्वांत कमी होते. परंतु देशात प्रत्यक्ष शिकविताना आढळलेले शिक्षक सुमारे निम्मेच होते. म्हणून शाळा उघडी आहे एवढ्यावर समाधान मानू नये. येथे न्यायबुद्धीही ठेवावी. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण या कामांस शिक्षकास लावण्याची मुभा कायद्यानेच ठेवली आहे. त्या कामामुळे रिकामी राहिलेली खुर्ची ही त्याची कसूर नव्हे.

आपल्या पुष्कळ गावांत द्विशिक्षकी शाळा असतात. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक, असे प्रमाण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ठरविले आहे. एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता असणे हा स्वतः दोष नाही. पाहावयाचे ते हे की, गुरुजी दुसरीस शिकवीत असता पहिलीची मुले काय करतात? ती चित्रे लावीत, मण्यांनी मोजीत, गोष्टीचे पुस्तक चाळीत, मोठ्या मुलांबरोबर वाचीत असतील तर त्या शिक्षकाने आदल्या दिवशी विचार केलेला आहे. ती हाताची घडी घालून उगीच बसली असतील तर त्यांचा अर्धा दिवस दररोज वाया जात आहे.

दुसरी खूण : मूल खरोखर वाचते काय? ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. तीत मुलास त्याच्या घरीच भेटून क्रमाने अक्षरे, शब्द, सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचावयास देतात. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीच्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी मुले २०२२ साली शेकडा ३८.५ होती, २०२४ साली ती ४४.८ झाली. सुधारणा झाली खरी, परंतु पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांस दुसरीचे वाचता येत नव्हते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

ही परीक्षा कोणीही घरी करू शकतो. मुलाने पूर्वी न पाहिलेले गोष्टीचे पुस्तक त्यास द्यावे. पाठ्यपुस्तक देऊ नये, कारण ते तोंडपाठ असते. वाचून झाल्यावर गोष्ट त्याच्याच शब्दांत सांगावयास लावावी. ज्या आईस अक्षरओळख नाही तिलाही मूल अडखळते की सरळ वाचते हे ऐकू येते, आणि सांगितलेल्या गोष्टीत अर्थ आहे की नाही हे कळते. हिशेबासाठी दुकानी न्यावे आणि विचारावे की, पन्नासाची नोट दिली, जिन्नस बत्तीस रुपयांचा झाला, तर परत किती घ्यावयाचे? अठरा हे उत्तर सांगण्यापेक्षा ते कसे काढले हे मूल सांगू शकते काय, याकडे लक्ष द्यावे.

वह्याही पाहाव्या. वर्गातील सर्व वह्यांत एकच उत्तर, त्याच शब्दांत, एकही चूक नसलेले असेल तर ते फळ्यावरून उतरविलेले आहे. ज्या वहीत मुलाची स्वतःची वाकडीतिकडी वाक्ये आहेत, चुका आहेत, आणि त्या चुकांशेजारी शिक्षकाच्या हातची दुरुस्ती आहे, ती वही कमी सुंदर दिसली तरी अधिक मोलाची आहे.

तिसरी खूण : मागे पडलेल्या मुलाचे काय होते? ही सर्वांत मोठी खूण होय. पाहुणे आले म्हणजे प्रत्येक शाळा आपल्या हुशार मुलास उभे करते व ते कविता म्हणून दाखविते. त्याचे कौतुक करावे, आणि मग मागच्या रांगेत भिंतीशी बसलेल्या मुलाकडे पाहावे. शिक्षकास त्याचे नाव ठाऊक आहे काय? त्यास काय येते आणि कोठे अडते हे शिक्षक सांगू शकतो काय? ‘त्याचे डोकेच चालत नाही’ असे उत्तर आले तर शाळेविषयी पुष्कळ कळले. ‘त्यास जोडाक्षरे अडतात, म्हणून परिपाठानंतर मी त्याला रोज वेगळे बसवितो’ असे उत्तर आले तर त्याहूनही अधिक कळले.

आपल्या लोकांत हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा मुलाचे नाव पटावर असते व मूल उसाच्या फडात असते. काही शाळा त्यास विसरतात, आणि निकालाचा आकडा त्याच्यावाचून चांगला दिसतो. दुसऱ्या काही शाळांतील शिक्षक कुटुंब निघण्यापूर्वीच घरी येतात, मुलास हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी ठेवता येईल काय याचा विचार करतात; तरीही ते गेलेच तर जेथे जाईल तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड बरोबर देतात, आणि परतल्यावर बुडालेला अभ्यास भरून काढतात. अशा शाळेचा सरासरी निकाल कदाचित खाली दिसेल, कारण ही सर्व मुले तिने आपल्यातच मोजलेली असतात. शेकड्याचे आकडे पाहताना किती मुले मोजली आणि किती गळाली हे अवश्य विचारावे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली, आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीस मिळाला. त्या शाळेस ना भिंत होती ना फलक. मूल येत नाही याचा दोष मुलावर न टाकता, आपण त्याच्यापर्यंत कसे पोचावे हा विचार तिच्या मुळाशी होता. आपल्या गावच्या शाळेत त्या विचाराचा अंश तरी आहे काय, हे पाहावे.

चौथी खूण : सर्व मुलांस सारखी वागणूक मिळते काय? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला, आणि त्याने सरकारकडे अर्ज केला तरी दाद मिळाली नाही. आज कायद्याने कोणास दार बंद नाही. परंतु दाराच्या आत काय चालते ते परीक्षेच्या गुणांत दिसत नाही. वर्ग कोण झाडतो? शौचालयात पाणी कोण ओततो? सर्वांची पाळी लागते, की ठराविक वस्तीच्याच मुलांची? पहिल्या रांगेत कोण बसते? जेवणाची पंगत एक आहे काय? प्रश्न विचारला तर मुलींस उत्तर देण्याची संधी मिळते काय? घरी पावरी, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या शब्दास वर्ग हसतो, की शिक्षक तो शब्द फळ्यावर लिहून त्याचा मराठी प्रतिशब्द शिकवितो? ज्या शाळेत मूल शेकडा नव्वद गुण मिळविते पण आपण इतरांहून हलके आहोत हेही शिकते, त्या शाळेची किंमत फार जड पडते.

पाचवी खूण : मूल भिते काय? शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई केली आहे. तरी छडी कपाटामागे असू शकते, आणि शब्दांची छडी तर कोठेही असते. शिक्षक वर्गात शिरला म्हणजे मुलांचे चेहरे पाहावे. मुले प्रश्न विचारतात काय हे पाहावे. चूक झाली असता मूल हात मागे लपविते, की ‘गुरुजी, हे मला जमले नाही’ असे म्हणते? दुसरे मूल म्हणजे खरे शिकणारे मूल होय, कारण अज्ञान लपविण्यात त्याची शक्ती खर्च होत नाही.

सहावी खूण : पाणी, शौचालय व जेवण. याविषयी थोडकेच सांगतो. मुलींसाठी निराळे शौचालय असून ते वापरण्याजोगे आहे काय, त्यास कुलूप तर नाही, पिण्याचे पाणी झाकलेले आहे काय, आणि गोष्टींची पुस्तके कपाटात बंद आहेत की मुलांच्या हाताने मळलेली आहेत, एवढे पाहावे. दुपारच्या आहारात पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य मिळावे, आणि शिजलेल्या अन्नातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावी, असे प्रमाण ठरलेले आहे. खिचडीत डाळ दिसते की केवळ पिवळे पाणी, हे कोणासही कळते. इमारतीच्या रंगास मात्र फार महत्त्व देऊ नये.

५. कसे पाहावे?

शाळेत तपासनीस होऊन जाऊ नये. मुख्याध्यापकांस नमस्कार करावा, परवानगी घ्यावी, आणि मागे शांत बसावे. एकाच भेटीवर मत बनवू नये. एकदा सकाळी परिपाठाच्या वेळी, एकदा जेवणाच्या सुट्टीत आणि एकदा दुपारी तीननंतर, मुले दमलेली असता, असे तीनदा जावे. स्नेहसंमेलनाच्या दिवसावरून काहीच ठरवू नये. आपल्याच मुलास न विचारता शेजारच्या दोन-तीन मुलांस विचारावे, ‘आज शाळेत काय केले?’ ‘धडा सातवा’ असे उत्तर आले तर पुढे विचारावे, ‘त्यात काय होते?’ ज्यांस लिहिता-वाचता येत नाही अशा आईबापांबरोबर मंडळीतील एखाद्या शिकलेल्या तरुणाने किंवा उपदेशकाने जावे. खाजगी शाळेची पारखही याच खुणांनी करावी, आणि जी शाळा पालकास फाटकाच्या आत येऊ देत नाही तिच्याविषयी सावध असावे.

६. एका शंकेचे उत्तर

कोणी म्हणेल, ‘हे सर्व खरे, पण इंग्रजीचे काय? इंग्रजीवाचून मुलास नोकरी नाही.’ ही शंका खोटी नाही, आणि गरिबाने इंग्रजी मागू नये असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये. परंतु इंग्रजी शिकणे आणि सर्व विषय इंग्रजीतून शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविला जाऊ लागला. शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत मुलाची घरची भाषा हेच माध्यम असावे, अशी शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने केली आहे. कारण उघड आहे. जे मूल विचार कळलेल्या भाषेत करू शकत नाही ते न कळलेल्या भाषेत पाठांतर करते. तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेल्यास एवढेच पाहावे की, शिक्षकास स्वतःस इंग्रजी बोलता येते काय, आणि मूल इंग्रजी वाक्याचा अर्थ मराठीत सांगू शकते काय. मूल घडघडा म्हणून दाखविते पण अर्थ सांगू शकत नाही, असे असेल तर इंग्लंडातील त्या उलट्या धरलेल्या पुस्तकाची आठवण ठेवावी.

७. पाहिल्यानंतर काय करावे?

पारख करणे म्हणजे केवळ शाळा निवडणे किंवा सोडणे नव्हे. गावची शाळा गावाची आहे, आणि तिच्यात उणीव दिसली तर ती भरून काढण्याचा मार्ग कायद्याने दिलेला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे, एकूण सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्या, आणि दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्या, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी ही समिती केवळ नोंदवहीत असते, आणि सभासद अंगठा किंवा सही करून घरी जातात. आपल्या वस्तीतील एका तरी मातेने त्या समितीत जावे, सभेची तारीख विचारावी, ठराव वाचून घेतल्यावाचून सही करू नये. मुलाची हजेरी, शिकण्याची शक्ती व प्रगती यांविषयी पालकांस नियमित भेटून सांगणे हे शिक्षकाचे कायद्याने ठरविलेले कर्तव्य आहे. ते विचारणे म्हणजे भांडण करणे नव्हे.

तक्रार करण्यापूर्वी शिक्षकाशी सौम्यपणे बोलावे, आणि चांगले काम दिसले तर तेही बोलून दाखवावे. दूरच्या वाडीवर रोज येऊन मागच्या रांगेतील मुलास वाचावयास शिकविणाऱ्या शिक्षकाचे नाव कोणत्याही फलकावर येत नाही. गावाने ते नाव ओळखावे, आणि त्याची बदली होऊ लागली तर समितीने ठराव करून त्याचे काम वरिष्ठांस कळवावे.

या जून महिन्यात मुलाचे नाव घालण्यापूर्वी फलकावरील आकडा वाचावयास हरकत नाही. तो वाचून झाल्यावर वर्गात शिरावे, मागच्या भिंतीशी बसलेल्या मुलाजवळ जाऊन बसावे, आणि त्याचे पुस्तक त्याच्याबरोबर उघडावे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या शाळेचा पट किती आहे, आणि काल प्रत्यक्ष किती मुले हजर होती?

२. आपल्या वस्तीतील कोणते मूल पटावर असून शाळेत जात नाही? त्याचे कारण कोणी विचारले आहे काय?

३. चौथी किंवा पाचवीतील तीन मुलांस न पाहिलेली गोष्ट वाचावयास द्या. काय आढळले ते एकमेकांस सांगा.

४. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या वस्तीचे कोण आहे? शेवटची सभा केव्हा झाली?

५. निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीस जोतीराव फुले यांनी कोणते कारण देऊन विरोध केला? ते कारण आपल्या गावास आजही लागू पडते काय?